कन्सोलची किंमत, पिढीचा कालावधी आणि एकशेसाठ चौरस फुटांची खोली
बीडीडी चाळ, वरळी या वस्तीच्या संदर्भात एक आर्थिक विवेचन

सारांश :
व्हिडीओ गेम खेळण्याचे यंत्र म्हणजे कन्सोल ही काळानुसार स्वस्त होत जाणारी वस्तू आहे, असा अनुभव १९८० ते २०२० या चार दशकांत आला. या स्वस्त होण्यामुळेच अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबांना या माध्यमात उशिरा का होईना, प्रवेश मिळत होता. २०२० नंतर ही प्रक्रिया खंडित झाली असून यंत्राची किंमत पिढीच्या मध्यावर उतरण्याऐवजी वाढली आहे. प्रस्तुत लेखात किंमत आणि पिढीचा कालावधी यांचा परस्परसंबंध स्पष्ट केला असून, वरळीच्या बीडीडी चाळीसारख्या कामगार वस्तीतील ग्राहकाच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ काय होतो याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : कन्सोल, हार्डवेअर पिढी, कालानुसारी किंमतभेद, आयात शुल्क, बीडीडी चाळ.

प्रस्तावना :
मुंबई इलाख्याच्या सरकारने १९२० मध्ये स्थापन केलेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे कामगारांसाठी चाळी बांधल्या. त्यांपैकी सर्वाधिक म्हणजे १२१ इमारती एकट्या वरळीत होत्या. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक इमारतीत ८० खोल्या, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, आणि शौचालये सामाईक, अशी ही रचना. गिरणी कामगार, पोलीस शिपाई आणि शासकीय सेवेतील कनिष्ठ कर्मचारी यांच्या तीन-चार पिढ्या या खोल्यांत वाढल्या.

अशा वस्तीत एखादी नवी वस्तू केव्हा येते, हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नसतो. रेडिओ, दूरदर्शन संच, टेलिफोन, संगणक यांपैकी प्रत्येक वस्तू आधी शहराच्या सधन भागात आली आणि किंमत उतरल्यावर चाळीत आली. कन्सोलचाही प्रवास तसाच झाला. तथापि कन्सोलचे एक वैशिष्ट्य असे की त्याच्या आयुष्याला आरंभ आणि शेवट असतो. ठरावीक वर्षांनी उत्पादक नवे यंत्र आणतो, नवे खेळ त्या यंत्रासाठी तयार होऊ लागतात आणि जुने यंत्र हळूहळू निरुपयोगी ठरते. या कालखंडाला 'पिढी' असे म्हणतात. म्हणून कन्सोलच्या ग्राहकाला दोन प्रश्न पडतात. किंमत आपल्या आवाक्यात केव्हा येईल? आणि ती आवाक्यात येईल तेव्हा पिढीची किती वर्षे शिल्लक असतील? प्रस्तुत लेखाचा विषय या दोन प्रश्नांमधील नाते हा आहे.

१. पिढीचा कालावधी :
प्रमुख उत्पादकांच्या यंत्रांच्या तारखा पाहिल्या असता पिढी लांबत गेल्याचे दिसते. सोनी कंपनीचे पहिले प्लेस्टेशन डिसेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये आले. दुसरे मार्च २००० मध्ये, तिसरे नोव्हेंबर २००६ मध्ये, चौथे नोव्हेंबर २०१३ मध्ये आणि पाचवे नोव्हेंबर २०२० मध्ये. म्हणजेच दोन यंत्रांमधील अंतर सव्वापाच वर्षांवरून सात वर्षांपर्यंत वाढले. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या आणि दुसऱ्या एक्सबॉक्समध्ये चार वर्षांचे, तर दुसऱ्या आणि तिसऱ्यामध्ये आठ वर्षांचे अंतर पडले. निन्टेंडोचे स्विच मार्च २०१७ मध्ये आले आणि त्याचे उत्तराधिकारी यंत्र जून २०२५ मध्ये, म्हणजे सव्वाआठ वर्षांनी आले.

याची कारणे दोन आहेत. एक, मोठा खेळ तयार करण्याचा खर्च आणि वेळ इतका वाढला आहे की उत्पादकाला त्याची वसुली करण्यासाठी अधिक वर्षे आणि अधिक ग्राहक लागतात. दोन, चिपची क्षमता पूर्वीइतक्या वेगाने वाढत नसल्यामुळे चार वर्षांत आणलेले नवे यंत्र जुन्याहून डोळ्यांत भरण्याइतके वेगळे दिसत नाही.

येथे आणखी एक भेद करणे आवश्यक आहे. नवे यंत्र आले म्हणून जुने त्याच दिवशी संपत नाही. प्लेस्टेशन २ हे याचे ठळक उदाहरण होय. या यंत्राचे उत्पादन सुमारे तेरा वर्षे चालले आणि १६ कोटींच्या आसपास यंत्रे विकली गेली. तिसरे प्लेस्टेशन बाजारात येऊन सात वर्षे झाल्यावरही, २०१३ मध्ये, फुटबॉलचे नवे खेळ दुसऱ्या प्लेस्टेशनसाठी निघत होते. पिढीचा हा उत्तरार्ध श्रीमंत देशांच्या दृष्टीने शेपटीसारखा असला, तरी भारतासारख्या बाजारपेठेत तोच पिढीचा मुख्य भाग होता.

२. किंमत उतरते कशी :
कन्सोलच्या किमतीचे अर्थशास्त्र संगणकाच्या छपाई यंत्रासारखे आहे. छपाई यंत्र स्वस्त मिळते, नफा शाईत असतो. कन्सोलचा उत्पादकही यंत्र अल्प नफ्यात, उत्पादन खर्चात किंवा तोट्यात विकतो आणि प्रत्येक खेळाच्या विक्रीतून मिळणाऱ्या परवाना शुल्कातून ती भरपाई करतो. २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ च्या ६० जीबी यंत्राची अमेरिकेतील किंमत ५९९ डॉलर होती. त्याच वेळी आयसप्लाय या बाजार विश्लेषण संस्थेने त्याच्या निर्मितीचा खर्च ८४० डॉलर असल्याचा अंदाज दिला होता.

पुढे निर्मिती खर्च उतरत जाई. प्लेस्टेशन २ मध्ये आरंभी मुख्य प्रक्रियक आणि चित्रांकन करणारी चिप अशा दोन स्वतंत्र चिप होत्या. नंतर ९० नॅनोमीटर तंत्राने त्या एकाच चिपमध्ये सामावल्या गेल्या. त्याच सिलिकॉनच्या चकतीतून अधिक चिप निघू लागल्या, वीज कमी लागू लागली, पंखा आणि खोके लहान झाले आणि वाहतूकही स्वस्त झाली. परिणामी अमेरिकेत २००० मध्ये २९९ डॉलरला मिळणारे हे यंत्र २००२ मध्ये १९९, २००४ मध्ये १४९ आणि २००९ मध्ये ९९ डॉलरला मिळू लागले. प्लेस्टेशन ३ ची किंमतही तीन वर्षांच्या आत सडपातळ आवृत्तीच्या रूपाने २९९ डॉलरपर्यंत आली.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत याला कालानुसारी किंमतभेद म्हणता येईल. चित्रपटगृहात एकाच खेळासाठी स्टॉल आणि बाल्कनी यांचे दर वेगळे असतात. तेथे भेद जागेचा असतो. कन्सोलच्या बाबतीत भेद वेळेचा असतो. ज्याला पहिल्या दिवशी हवे तो पूर्ण किंमत देतो. ज्याच्याजवळ पैसे कमी पण धीर अधिक, तो थांबतो. या व्यवस्थेत गरीब ग्राहकाचे भांडवल म्हणजे त्याची थांबण्याची तयारी होय.

३. भारतातील किंमत :
भारतात या प्रश्नाला आयात शुल्काची जोड मिळाली. १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीमार्फत सेगाचे मेगा ड्राइव्ह हे यंत्र भारतात आले तेव्हा त्याची किंमत सुमारे १८,००० रुपये होती आणि आयात शुल्क ८० टक्के होते. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची चाके मंदावलेल्या गिरणगावात ही रक्कम विचारात घेण्याजोगीही नव्हती. तेथे आलेले यंत्र वेगळेच होते. निन्टेंडोच्या १९८३ मधील फॅमिकॉम यंत्राच्या तैवान आणि चीनमध्ये तयार झालेल्या नकला 'टीव्ही व्हिडीओ गेम' या नावाने लॅमिंग्टन रोड आणि मनीष मार्केट यांसारख्या बाजारांत मिळू लागल्या. मूळ यंत्रातील सर्व मंडले एका चिपमध्ये बसवता येऊ लागल्यामुळे हे यंत्र अतिशय स्वस्त झाले होते. मुले ज्याला 'कॅसेट' म्हणत, त्या एकाच कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याचा दावा असे. प्रत्यक्षात तेच ते खेळ नावे बदलून येत. तंत्रज्ञान दहा वर्षे जुने होते, पण ते खोलीतल्या दूरदर्शन संचाला जोडता येत होते. किंमत उतरण्याच्या प्रक्रियेचे हे सर्वांत खालचे टोक होय.

अधिकृत बाजारातील प्रमुख यंत्रांची भारतातील आरंभीची किंमत पुढीलप्रमाणे होती.

एक्सबॉक्स ३६० (सप्टेंबर २००६) : १९,९९० आणि २३,९९० रुपये
प्लेस्टेशन ३ (एप्रिल २००७) : ३९,९९० रुपये
प्लेस्टेशन ४ (जानेवारी २०१४) : ३९,९९० रुपये
एक्सबॉक्स वन, किनेक्टसह (सप्टेंबर २०१४) : ४५,९९० रुपये
एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस (नोव्हेंबर २०२०) : ४९,९९० आणि ३४,९९० रुपये
प्लेस्टेशन ५ (फेब्रुवारी २०२१) : ४९,९९० रुपये, डिस्कविरहित आवृत्ती ३९,९९० रुपये

तत्कालीन विनिमय दराने हिशेब केल्यास प्लेस्टेशन ३, ४ आणि ५ यांची भारतीय किंमत अमेरिकेतील करपूर्व किमतीच्या अनुक्रमे सुमारे १.६, १.६ आणि १.४ पट भरते. या फरकाचा मोठा भाग करांचा आहे. २०१८ च्या अर्थसंकल्पात कन्सोलवरील मूळ सीमाशुल्क १० टक्क्यांवरून २० टक्के करण्यात आले. वस्तू व सेवा कर आरंभी २८ टक्के होता, तो १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्के झाला. २०१९ मधील दरांनुसार १०० रुपयांच्या आयात मूल्यावर २० रुपये सीमाशुल्क आणि त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे २ रुपये लागत. १२२ रुपयांवर १८ टक्के कर लागून रक्कम १४३ रुपये ९६ पैसे होई. वितरक आणि दुकानदार यांचा नफा त्यानंतरचा.

परंतु आरंभीच्या किमतीवरूनच निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. २००७ ते २०२१ या जवळजवळ चौदा वर्षांत प्लेस्टेशनची भारतातील आरंभीची किंमत केवळ २५ टक्क्यांनी वाढली. याच काळात वेतने आणि सर्वसाधारण किंमत पातळी त्याहून पुष्कळ अधिक वाढली. अमेरिकेतही २००० मधील २९९ डॉलर म्हणजे २०२५ मधील सुमारे साडेपाचशे डॉलर होतात. अर्थात पहिल्या दिवशी खरेदी करणाऱ्या ग्राहकाची स्थिती बिघडलेली नाही, उलट काहीशी सुधारली आहे. बिघडली आहे ती शेवटी येणाऱ्या ग्राहकाची.

४. उतरती पायरी नाहीशी झाली :
प्लेस्टेशन ५ भारतात ४९,९९० रुपयांना आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे एकवीस महिन्यांनी, ही किंमत ५४,९९० रुपये झाली. अमेरिकेत ४९९ डॉलरचे हेच यंत्र ऑगस्ट २०२५ मध्ये ५४९ डॉलरवर गेले. त्याच महिन्यात निन्टेंडोने आठ वर्षे जुन्या स्विचची अमेरिकेतील किंमत २९९ डॉलरवरून ३३९ डॉलर केली. मधूनमधून मर्यादित काळाच्या सवलती मिळाल्या, हे खरे. पण छापील किंमत कायमची उतरण्याची जुनी रीत या पिढीत दिसली नाही.

यामागील मुख्य कारण तांत्रिक आहे. चिप लहान केली की ती स्वस्त होते, हे समीकरण आता पूर्वीसारखे लागू पडत नाही. प्लेस्टेशन ५ ची मुख्य चिपही ७ नॅनोमीटरवरून ६ नॅनोमीटरवर आणली गेली. परंतु अत्याधुनिक कारखान्यातील प्रत्येक चकतीचा दरच इतका वाढला आहे की आकारातील बचत त्यात विरून जाते. याला २०२१-२२ मधील चिपटंचाई, चलनांचे घसरलेले मूल्य आणि २०२५ मधील अमेरिकेचे आयात शुल्क यांची भर पडली.

याचा ग्राहकावरील परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एखादे कुटुंब भिशीत किंवा अन्य मार्गाने दरमहा १,००० रुपये कन्सोलसाठी बाजूला ठेवते आणि पिढीचा कालावधी सात वर्षे, म्हणजे ८४ महिने आहे, असे मानू. यंत्राची किंमत आरंभी ४०,००० रुपये असून ती दरमहा सरासरी ५०० रुपयांनी उतरत असेल, तर सत्ताविसाव्या महिन्यात बचत आणि किंमत यांची गाठ पडते. पिढीचे ५७ महिने हाती राहतात. किंमत ४०,००० रुपयांवर स्थिर राहिली, तर खरेदीला ४० महिने लागतात आणि ४४ महिने उरतात. किंमत ४९,९९० रुपयांवरून ५४,९९० रुपयांवर गेली, तर पंचावन्नाव्या महिन्यात खरेदी होते आणि केवळ २९ महिने उरतात. पहिल्या स्थितीत किंमत बचत करणाऱ्याकडे चालत येते. तिसऱ्या स्थितीत ती त्याच्यापासून दूर जाते. यावर बाजाराने दिलेला उपाय मासिक हप्त्याचा आहे. परंतु भिशी ही बचत असते आणि हप्ता हे कर्ज असते. थांबण्याचे मोल संपल्यावर ग्राहकासमोर कर्ज किंवा वगळले जाणे, एवढेच पर्याय उरतात.

५. सामाईक वापर आणि डिस्कचा प्रश्न :
कामगार वस्तीत वस्तूची खरी किंमत ती किती जणांत वाटली जाते यावर ठरते. कॅरमचा बोर्ड एक असतो आणि खेळणारे अनेक. व्हिडीओ गेमच्या बाबतीतही हेच घडले. तासाच्या भाड्याने खेळू देणारी दुकाने, शेजाऱ्याच्या खोलीतले यंत्र, एकमेकांना उसनी दिलेली कॅसेट किंवा डिस्क, आणि खेळून झालेली डिस्क अर्ध्या किमतीला विकणे, हे सर्व या सामाईक वापराचेच प्रकार होत. प्लेस्टेशन २ च्या काळात बनावट डिस्कचाही सुळसुळाट होता, हे नमूद केले पाहिजे. त्यामुळे ग्राहकाचा खर्च वाचला. पण खेळातून वसुली करण्याचे उत्पादकाचे गणित कोलमडले आणि अधिकृत खेळांचा भारतीय बाजार दीर्घकाळ लहान राहिला. तरीही याच यंत्रासाठी भारतीय विषयांवरील खेळ तयार झाले, ही बाब लक्षणीय आहे. 'हनुमान : बॉय वॉरियर' हा खेळ २००९ मध्ये, तर मुंबईच्या ट्राइन गेम्सचा 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' २०१० मध्ये प्लेस्टेशन २ वर आला. जग पुढच्या पिढीत गेले असताना भारतातील निर्माते मागच्या पिढीसाठी काम करीत होते, कारण त्यांचा प्रेक्षक तेथे होता.

आरंभीच्या किमतीनुसार प्लेस्टेशन ५ चे डिस्कविरहित यंत्र दहा हजार रुपयांनी स्वस्त मिळत होते. वरकरणी ते अल्प उत्पन्न गटासाठी सोयीचे वाटते. मात्र त्यावर खेळ उसना घेता येत नाही, जुना विकत घेता येत नाही आणि खेळून झाल्यावर विकताही येत नाही. प्लेस्टेशन ५ च्या मोठ्या खेळांची भारतातील किंमत ४,९९९ रुपयांपर्यंत गेली. असे पाच खेळ घेतल्यास २४,९९५ रुपये होतात, म्हणजे यंत्राच्या आरंभीच्या किमतीच्या निम्मे. डिस्कच्या देवघेवीतून दोन-तीन खेळांमध्येच वाचलेले दहा हजार भरून निघतात. स्वस्त यंत्र प्रत्यक्षात महाग पडते ते असे.

६. मोबाइल : पर्याय की पर्यायाचा आभास :
सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर खेळण्याचे मुख्य साधन मोबाइल झाले. फोन अन्य कारणासाठी घेतलेलाच असतो, त्यामुळे खेळाचे यंत्र जणू विनामूल्य मिळते. १६० चौरस फुटांच्या खोलीत घरातील एकमेव दूरदर्शन संच अडवावाही लागत नाही. मोबाइलने या माध्यमाचा प्रसार कन्सोलला कधीच जमला नसता इतका केला, हे मान्यच करावयास हवे.

तथापि दोन्हींतील भेद मालकीचा आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलवर बंदी आली. त्याची भारतीय आवृत्ती जुलै २०२१ मध्ये आली, २०२२ मध्ये थांबली आणि २०२३ मध्ये परतली. बंदीच्या गुणदोषांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. मुद्दा इतकाच की अशा खेळात खर्च केलेला पैसा कोणत्याही वस्तूत उरत नाही. याउलट चालू स्थितीतील प्लेस्टेशन २ मध्ये त्याची डिस्क आजही खेळता येते. शिवाय फोनच्या पडद्यावर चालणारा खेळ आणि कन्सोलवरील दीर्घ, कथनप्रधान खेळ हे दोन वेगळे वाङ्मयप्रकार मानावेत इतके भिन्न आहेत. एकाच्या परिचयाने दुसऱ्याचा परिचय होत नाही.

दुसरा पर्याय वापरलेल्या यंत्राचा. येथे पिढी लांबल्याचा थोडा लाभ होतो. २०२५ च्या शरद ऋतूतील फुटबॉलचा नवा खेळही २०१३ मधील प्लेस्टेशन ४ साठी निघाला. जुने यंत्र बारा वर्षांनंतरही उपयोगी राहते, ही शेवटी येणाऱ्या ग्राहकाच्या दृष्टीने जमेची बाजू आहे. फरक एवढाच की पूर्वी त्याला नवे, हमीसह, स्वस्त झालेले यंत्र मिळत असे. आता दुसऱ्याने वापरलेले, हमीविना मिळते.

७. शैक्षणिक संदर्भ :
हा प्रश्न केवळ करमणुकीचा असता तर त्याची महाविद्यालयीन वर्तुळात दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु खेळनिर्मिती हे आता रोजगाराचे आणि अध्ययनाचे क्षेत्र आहे. २०२५ मध्ये पेडर रोड येथील राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या परिसरात भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्थेचे पहिले संकुल सुरू झाले; अ‍ॅनिमेशन, दृश्य परिणाम आणि गेमिंग हे तिचे विषय आहेत. वरळीहून ते काही किलोमीटरवर आहे. अशा अभ्यासक्रमाला येणाऱ्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाने लहानपणापासून कन्सोलवरील शेकडो तासांचे खेळ खेळले आहेत आणि दुसऱ्याने केवळ फोन हाताळला आहे, अशी स्थिती असेल, तर प्रवेश परीक्षेत दिसणारा फरक गुणवत्तेचा आहे की किमतीचा, हे तपासावे लागेल. साहित्याच्या विद्यार्थ्याने पुस्तके विकत घेतली पाहिजेत अशी अट कोणी घालत नाही, कारण ग्रंथालय असते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात किंवा जिमखान्यात कॅरमच्या बोर्डाशेजारी एखादे कन्सोल आणि निवडक डिस्क ठेवणे ही चैन नसून तोच न्याय आहे.

निष्कर्ष :
१. कन्सोलची पिढी चार-पाच वर्षांवरून सात-आठ वर्षांपर्यंत लांबली आहे. ही लांबी किंमत उतरत असेल तरच अल्प उत्पन्न गटाला उपकारक ठरते.
२. २०२० नंतर किंमत उतरण्याची प्रक्रिया खंडित झाल्यामुळे, थांबून खरेदी करण्याचा या वर्गाचा मार्ग अरुंद झाला आहे.
३. डिस्कविरहित यंत्रामुळे सामाईक वापर आणि पुनर्विक्री या, किंमत कमी करणाऱ्या पारंपरिक वाटाही बंद होतात.
४. वापरलेले यंत्र आणि मोबाइल हे पर्याय उपयुक्त असले तरी अपुरे आहेत. सार्वजनिक आणि शैक्षणिक संस्थांतून सामाईक उपलब्धता निर्माण करणे आवश्यक आहे.

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासातील वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये रहिवाशांना मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर आले. यंत्र कोठे ठेवावे, संच कोणी अडवावा, हा जुना प्रश्न या कुटुंबांपुरता सुटला. मात्र ज्या महिन्यात या किल्ल्या हाती आल्या, त्याच महिन्यात पाच वर्षे जुन्या कन्सोलची किंमत जगाच्या सर्वांत मोठ्या बाजारपेठांपैकी एकीत वाढवण्यात आली. जागा मिळाली तेव्हा किंमत उतरलेली नव्हती, आणि ज्या सामाईक मार्गिकेत एकाचा खेळ दहा जण पाहत असत, ती मार्गिका चाळीबरोबर मागे राहिली. तिची जागा कोणती संस्था घेणार, हा यापुढील प्रश्न आहे.